काळ्या बोनेटवरचं जाळं

१२ जानेवारी २०२५, रविवार

कृषी केंद्राने यंदाही डायरी फुकट दिली. पुढून घरखर्चाचा हिशेब लिहिते, तो लिहीनच. पण आज डायरी उलटी धरून मागच्या पानापासून हे वेगळं लिहायला घेतलं. दहावीनंतर सलग लिहायची सवय राहिली नाही. चुकलं तर देव माफ करेल, दुसरं वाचणारं तर कोणी नाही.

डॉक्टरसाहेबांची काळी अंबासडर आज आपल्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडात आली.

वर्षभर उभी होती, बॅटरी बसली, म्हणून उमरखेडहून टेम्पोवर चढवून आणली. टेम्पो आपल्या ढाणकीत शिरला असा ह्यांना फोन आला तशी मी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. गाडीवरून तुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं. ह्यांच्या हाताखाली तीस वर्षं काम करणारा सेवादास हसायला लागला. "वैनी, नवरी आली का काय घरात?"

मी म्हटलं, "नवरी नाही. सुईण आहे ती माझी."

खोटं नाही. अक्षयच्या वेळेस नाल्याला पूर, बस बंद आणि मला कळा सुरू. भगवानराव डॉक्टर दवाखाना आटोपून घरी निघाले होते, त्यांनी मला मागच्या सीटवर टाकलं. उमरखेड यायच्या आधीच अक्षय झाला, त्याच सीटवर. हे पुढे बसून नुसते "महाराज, महाराज" करत होते. त्यानंतर एवढा देव ह्यांना कधी आठवला नाही.

डॉक्टरसाहेब गेल्या मार्चमध्ये वारले. मुलगी अर्पिता नागपूरला असते. दोन मार्चला वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी गाडी दारात उभी पाहिजे, बाबा ठेवायचे तशी चकचकीत. अट एकच, नवा रंग मारायचा नाही. आहे तोच कंपनीचा जुना रंग चमकवून द्यायचा.

दिवाळीत ह्यांना लकव्याचा झटका आला, उजवा हात गेला होता. डॉक्टर म्हणतात आता हात चांगला आहे. हे म्हणतात, डॉक्टरले काय समजते. तेव्हापासून रंगाचं, पॉलिशचं एक काम घेतलं नव्हतं. आज गाडीवर उजवा पंजा ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे गाडी झाली तं हात माहा. नाई झाली तं शटर खाली. मंग अक्षयच्या घरी कोपऱ्यात बसतो मराले."

भरल्या दिवशी असं बोलतात का कोणी.

१५ जानेवारी, बुधवार

पहाटे साडेचारला अंघोळ, तुळस, देव. मग महाराजांच्या मठातल्या धुनीचा अंगारा. शेडातल्या गाड्यांना मी कधी अंगारा लावत नव्हती. ट्रॅक्टर, बोलेरो, कुठं कुठं लावणार. पण ही घरचीच. काल संक्रांत म्हणून बोनेटवर बोट ओढलं, आजही ओढलं, आणि आज ह्यांनी पाहिलं.

"राख नको फासू व माह्या गाडीवर. काम कराचं हाय मले तिच्यावर."

अंगाऱ्याला राख म्हणाले. दुखण्यापासून त्यांचं डोकं लवकर तापतं. उद्यापासून लावीन आणि लगेच पुसून घेईन. देवाला पोचलं की झालं. देव पुसायचं फडकं आहेच, जुन्या धोतराचं, रोज धुतलेलं. पॉलिशच्या कामासाठी नागपूरहून मऊ फडकी मागवली आहेत, एकेक म्हणे शंभराच्या वर. त्याला मी हात लावणार नाही. आपलं फडकं बरं.

२१ जानेवारी, मंगळवार

गाडी शेडाच्या तोंडाशी उन्हात काढली. मला वाटलं होतं चमकतेच आहे, काय करायचं राहिलं? ह्यांनी बोलावून दाखवलं. बोनेटमध्ये सूर्य दिसतो ना, त्याच्या भोवती गोल गोल बारीक चरे. कोळ्याने जाळं विणावं आणि मध्ये सूर्य अडकावा तसं. पांढऱ्या गाडीवर हे दिसत नाही, काळ्यावर काही लपत नाही.

मी विचारलं, कशाने पडतं. म्हणाले, "डॉक्टरच्या डायवरनं वर्सानुवर्स धूळ तशीच कोरड्या फडक्यानं पुसली. त्या धुळीतल्या कणायनं केलं हे."

काय एकेक लोक. धूळ तशीच पुसायची! मी मनात म्हटलं, डॉक्टरसाहेबांच्या घरी बाई माणूस नव्हतं म्हणून असं झालं.

मग दिवसभर सेवादास पॉलिशचं मशीन फिरवत होता आणि हे हाताने. आधी रबिंग, म्हणजे रंगाचा वरचा पापुद्रा इतका इतकासा काढायचा, म्हणजे चरे त्याच्यासोबत जातात. मग पॉलिश. शेवटी वॅक्स, पण ते सगळं साफ झाल्यावरच. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बोनेट बघितलं, काळं पाणी भरून ठेवल्यासारखं. ह्यांनी जेवताना दोनदा भाजी मागितली. दिवाळीपासून पहिल्यांदा.

२२ जानेवारी, बुधवार

पहाटे अंगारा लावून पुसून घेतला. आज मुद्दाम जास्त वेळ, उजवीकडून गोल, प्रदक्षिणा घालतात तशी. कामाला यश आलं होतं ना.

आठ वाजता ह्यांनी गाडी उन्हात काढली. जाळं जसंच्या तसं.

हे उजव्या हाताकडे बघत बसले.

२९ जानेवारी, बुधवार

दुसऱ्यांदा पूर्ण बोनेट केलं. काल संध्याकाळी साफ. आज सकाळी जाळं. सेवादास म्हणतो ट्यूबलाइट फसवते, उन्हाशिवाय खरं दिसत नाही. हे म्हणतात ट्यूबलाइट नाही, हात फसवतो. दाब एकसारखा पडत नाही, बोटं आपोआप एकीकडे ओढतात आणि कळत नाही.

अक्षयचा पुण्याहून फोन होता. "आई, बाबांना इकडे आण. काम काम करून अजून एक झटका यायचा." हे पलंगावरून ओरडले, "आनतं तं आन, तुह्या सोसायटीत वाचमनची जागा हाय का पाय!" अक्षय हसला. हे हसले नाहीत.

मला भीती एवढीच वाटते की गाडी राहिली तर राहिली, पण ह्यांनी हाताचं मनावर घेतलं तर माणूस राहणार नाही. आजपासून मी बोनेटसोबत दोन्ही दारांनाही अंगारा सुरू केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आता दारांवरही जाळं वाढलं आहे. आधी एवढं नव्हतं, हे ह्यांनीच सांगितलं.

सेवादास गाडीच्या बाजूला उकिडवा बसून बराच वेळ तिरपी नजर लावून बघत होता. मग म्हणाला, "मालक, हे मशीनचं नाई. मशीनचे चरे लांब येतात. हे हाताचे गोल हायत. कोनीतरी गाडीले हात लावून राह्यलं."

कोणाची तरी नजर आहे, करणी आहे, असंच पहिलं मनात आलं. पण शेडाला कुलूप असतं आणि किल्ली रात्रभर माझ्या कमरेला. मी तसं सांगितलं. "किल्ली माझ्यापाशी. माझ्याशिवाय आत चिमणीही जात नाही."

ह्यांनी सेवादासकडे पाहिलं. "आयकलं? मंग कोन हात लावते? हात म्हनतं, तं माहाच म्हन ना सरळ!"

सेवादास उठून पुन्हा मशीनपाशी गेला. मला त्याचं वाईट वाटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

भांडण झालं. सकाळी पुन्हा जाळं, आणि ह्यांनी सेवादासच्या मशीनचं पॅड धुवून पाहिलं तर त्यातून रेतीचा एक कण निघाला. एकच कण. पण तेवढा पुरला.

"तीस वर्सं शिकवलं तुले, अन् पॅड खाली ठेवतं? माह्या हाताच्या नावावर तुही घान खपवतं?"

सेवादास म्हणाला, "मालक, थो कन आज पडला. जाळं पंधरा दिसापासून हाय."

"निंघ."

"मालक..."

"निंघ म्हनलं ना!"

सेवादासने हातातलं मशीन जमिनीवर ठेवलं नाही, टेबलावर नीट ठेवलं, वायर गुंडाळली, चपला घातल्या आणि आपल्या तांड्याकडे चालत गेला. सायकल इथंच राहिली. मी मागून हाक मारली तर वळला नाही. ह्या घरातून तो जेवल्याशिवाय गेला, असं कधी झालं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

बाजारात जमनाबाई भेटली, सेवादासची बायको. मेथीच्या ढिगापाशी उभी होती. मी म्हटलं, "काय वं जमना, सेवादास कसा आहे?"

"कसा असन? घरात बसून खाटेच्या दोऱ्या आवळून राह्यला. खाट आता उभी रायते, इतकी आवळली." मग माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाली, "तुमच्या मालकाले लय चमक पायजे होती ना, बेबीताई? तीस वर्साचा मानूस पुसून टाकला. चमकली का?"

मी मेथीची जुडी तिच्या हातात दिली, तिने परत ढिगावर ठेवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एकटेच काम करतात आता. मशीन उजव्या हाताला जड जातं म्हणून सगळं हाताने. आज बोनेटच्या कडेला, उजव्या दिव्याच्या वर, बोटाच्या नखाएवढा लालसर ठिपका दिसला. मी म्हटलं गंज आहे का. म्हणाले, "गंज नाई. खालचा प्रायमर हाय. रंग संपला तिथं."

मग स्टुलावर बसून समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. दर वेळी घासलं की रंग पातळ होतो. मोटारीला कंपनीने एकदाच दिला, वरून आणता येत नाही. "आता एक हात मारता येते. एकच. त्यानंतर जाळं आलं तं पुन्हा घासनं नाई. घासलं तं गाडी लाल."

"मग मारू नका ना आत्ता," मी म्हटलं. "थांबा थोडे."

"कायच्यासाठी थांबू? हात सुधारन म्हून?"

मी देवापुढे बसून राहिली. काय चुकलं माझ्या सेवेत तेही कळत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

संकष्टी. चंद्र बघेपर्यंत पाणीही घेतलं नाही. अर्पिताचा फोन आला होता. पोरगी गुणाची आहे, आवाज चढवत नाही. "काकू, काकांवर जबरदस्ती नाही. इथं एक जण पूर्ण गाडी घासून नवा रंग मारून देतो म्हणतोय. पण मग ती बाबांची राहणार नाही ना. बाबांचा हात ज्यावरून फिरला तो रंग जाईल."

मी म्हटलं, "होते बाई, होते. तुझी गाडी होऊन जाते." तोंडाने म्हटलं. मनातून नाही.

हे पलीकडे बसून ऐकत होते. "कायले खोटं बोलतं?" एवढंच म्हणाले.

आता संपूर्ण गाडीला अंगारा लावते. छत, डिक्की, सगळं. एक तास लागतो. गुडघे दुखतात. गोळ्यांमुळे हे सहापर्यंत गाढ झोपलेले असतात, म्हणून बरं. नाहीतर पुन्हा राख म्हणतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

महाराजांचा प्रकट दिन. मठात पिठलं, भाकर, अंबाडीची भाजी, गावाचं गाव पंगतीला. मी ह्यांना म्हटलं चला, निदान महाप्रसाद घ्या. आले नाहीत. द्रोणात घरी आणला तर बोटाने उष्टावून ठेवून दिला.

मठातल्या बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडू देऊ नका. धुनीतला ताजा अंगारा मुठीने दिला. अजून कोमट होता. जाडसर आहे, लाकडाची कच बोटाला लागते. दुकानात पुडीत मिळतो तो नुसता पिठासारखा, त्यात काय तेज असणार. हा खरा. हातरुमालात बांधून आणला, आणि वाटेत एकदाही गाठ सोडली नाही.

श्रद्धा कमी पडू देणार नाही. पडली असेल तर आजपासून नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचं लिहायचं नव्हतं, तरी लिहिते. नाही लिहिलं तर छाती फुटेल.

शेवटचा हात राखून ठेवला आहे, हे नुसतं मऊ फडक्याने पुसतात, तरी आज सकाळी जाळं कधी नव्हतं इतकं दाट होतं. छतावरसुद्धा. हे उन्हात गाडीभोवती फिरले. मी पोह्यासाठी कांदा चिरायला आत आली. नेहमी शेडातून काही ना काही आवाज येतो, आज नव्हता. कांदा तसाच टाकून मी गेली.

हे ऐरणीपाशी बसले होते. डेंट काढतात ती लोखंडी ऐरण. उजवा हात तिच्यावर पालथा ठेवलेला, बोटं पसरून. डाव्या हातात मोठी हातोडी.

मी ओरडली की नाही ते आठवत नाही. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, वरून. दोन्ही हात ठेवले. म्हटलं, "आता मारा."

"बाजूले हो."

"मारा ना. माझा कोणता कामाचा आहे."

किती वेळ तसे होतो. मग त्यांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, "बेबी, हा हात माहा नाई राह्यला वं. हा कोनाचा तरी दुसऱ्याचा बसवला मले. मी पुसतो, हा खराब करते." लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर रडले.

हातोड्या सगळ्या धान्याच्या कोठीत लपवल्या. थिनरचा डबाही. अक्षयला फोन केला नाही. काय सांगणार त्याला.

महाराज, मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही. पावसाचं नाही, पैशाचं नाही. हा एक हात मागते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते मला नीट कळलं नाही, जसं झालं तसं लिहिते.

पहाटे कुलूप काढलं. काल रात्री ह्यांनी गोळी घेतली नव्हती, ते मला माहीत नव्हतं. बोनेटला अंगारा लावला, जप करत फडक्याने पुसायला लागली, उजवीकडून गोल, एकशे आठ. छप्पन्न-सत्तावन्न झाले असतील. मागे काहीतरी हललं म्हणून वळली तर हे दारात उभे, तोंडात दातून.

म्हटलं आता ओरडतात. मी घाईने म्हटलं, "लावून ठेवत नाही हो, लगेच पुसून घेते."

ते आत आले. माझ्या हातातलं फडकं घेतलं. ट्यूबलाइट लावून उजेडात धरलं. दोन बोटांमध्ये चोळलं, मग गालावर चोळलं. मग रुमालातला अंगारा चिमटीत घेऊन तोही चोळून पाहिला.

"रोज?" म्हणाले.

"रोज. एक दिवस खाडा नाही."

"कवापासून?"

"संक्रांतीपासून. तुमचा हात चालावा म्हणून. आधी बोनेटच करत होती, मग दारं, आता तर पूर्ण गाडी..."

ते स्टुलावर बसले. बसले म्हणजे पडलेच. मला वाटलं दुसरा झटका आला. मी पाणी आणायला पळत होती तर मनगट धरलं, उजव्या हाताने. घट्ट. इतकं घट्ट की बांगडी पिचकली. मग हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि पुन्हा हसणं. मी घाबरून अंगारा त्यांच्या कपाळाला लावला, तर त्यांनी डोकं पुढे केलं! हे, ज्यांनी राख म्हटलं होतं.

चहा ठेवायला मी आत गेली. खिडकीतून पाहिलं तर फडकं घेऊन मागच्या भंगारात गेले होते. तिथं मोटारसायकलची एक काळी टाकी पडली आहे, ती पालथ्या हाताने साफ करून त्या फडक्याने गोल गोल पुसत बसले. ऊन आल्यावर टाकी उन्हात धरली, तिरपी करून बघितली, आणि पुन्हा हसले. मग आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरून बोटं एकेक उघडमीट करून पाहिली.

चहा देताना म्हणाले, "माहा हात चांगला हाय, बेबी."

"हाय तर. देवाची कृपा."

"हाव. कृपाच म्हनाव लागन." कप खाली ठेवून म्हणाले, "आयक. अंगारा गाडीच्या बाहेरून नको लावू आता. मांगच्या सीटवर लाव. अक्षय झाला तिथं. देव त्या दिवशी आतच बसून होता ना, बाहेर कायले शोधतं?"

एवढ्या वर्षांत एवढं शहाणं वाक्य ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दिसलं आज," म्हणाले.

नऊ वाजता सेवादासची सायकल काढली, हवा भरली आणि ती हाताने ढकलत तांड्याकडे गेले. माझं फडकं मागितलं तर म्हणाले, ते मी ठेवलं. देव पुसायला नवं घे. नवं! ह्या माणसाच्या तोंडी नवं!

२४ फेब्रुवारी, सोमवार

विजया एकादशी. सेवादास आला! जमनाबाईने त्याच्यासोबत डब्यात तिळाची चटणी पाठवली, म्हणजे राग गेला समजायचं.

काल तांड्यावर काय झालं ते मी सेवादासलाच विचारलं. म्हणाला, "मालक सगळ्या तांड्यापुढं माहे पाय धराले वाकले. मी म्हनलं मालक, पाय नका धरू, जमनी पायते, पुन्हा मले पाय दाबाले लावन." मग माझ्याकडे बघून मिशीत हसला. "वैनी, तुमचा देव लय कडक हाय बरं. रंगाच्या आरपार जाते."

हे शेडातून ओरडले, "सेव्या! गप बस अन् पॅड धू!"

काय आरपार जातं, मी विचारलं. दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

आज गाडीला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. किल्ली ह्यांनी स्वतःजवळ ठेवली. पहाटे अंगाऱ्याच्या वेळेला मला उठव म्हणाले, आपण मिळून जाऊ.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. शेवटचा हात. मी घरात पोथी घेऊन बसली, पण ओळी दिसेनात. कान शेडाकडे.

ह्यांनी आधी पाण्याने गाडी तीनदा धुतली. प्रत्येक फडकं झटकून, उजेडात बघून. रबिंग नाहीच, नुसतं पॉलिश, तेही जिथं लालसर ठिपका आहे तिथं बोटाच्या टोकाने. उजव्या. सेवादास शेजारी उभा, दर वेळी स्वच्छ फडकं पुढे करणारा. मी एकदा दारातून डोकावली. हात एका लयीत जात होता, सरळ, मागे-पुढे, कुठं अडखळला नाही. दिवाळीआधी जायचा तसा.

संध्याकाळी झालं. कोणी बोनेटकडे बघून काही म्हणालं नाही. ट्यूबलाइटवर कोणाचा विश्वास राहिला आहे? मी उपास सोडला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे दोघं शेडात गेलो. हे माझ्यापुढे झाले, मागचं दार त्यांनीच उघडलं, मी सीटवर अंगारा लावला, त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरून मी हात जोडून निघणार तर म्हणाले, "चाल चाल, झालं." एवढी काय घाई, मला नीट जपही करू दिला नाही.

मग ऊन यायची वाट बघत दोघं दारात बसलो. आठ वाजता ढकलून बाहेर काढली.

बोनेटमध्ये सूर्य होता. नुसता सूर्य. भोवती काही नाही.

ह्यांनी डाव्या बाजूने पाहिलं, उजव्या बाजूने, गुडघ्यावर बसून. सेवादास आला, त्याने पाहिलं. मग दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून उभे, दोन म्हातारे, मुलांसारखे.

उपास सोडला. आता वॅक्स लावणार.

२ मार्च, रविवार

नवी बॅटरी टाकली तशी गाडी सुरू झाली, ती चालवतच उमरखेडला पोचवायला आम्ही तिघंही गेलो. मी मागच्या सीटवर. अक्षयनंतर आज.

अर्पिता अंगणात आली आणि दहा पावलांवरच थांबली. बोनेटवर तिचाच चेहरा उमटला, मागे आंब्याचं झाड. मग म्हणाली, "काका, हा बाबांचाच रंग आहे?"

"त्यायचाच," हे म्हणाले. "उजव्या दिव्यावर उलसा लाल ठिपका राह्यला. थो माहा."

तिने डोळे पुसले, मग प्रेमाने ओढणीचं टोक बोनेटवरून फिरवायला हात उचलला. हे आणि सेवादास एकदम ओरडले, "नको!" पोरगी दचकून मागे झाली. मग हेच हसून म्हणाले, "पानी टाकून, बाई. पयले पानी. मंग मऊ कपडा. कोरडं फडकं नाई, कोनीच, देवानंही नाई."

एवढं ओरडायला काय झालं होतं. ओढणी तर रेशमी होती.

५ मार्च, बुधवार

यवतमाळहून एकाचा फोन आला, जुनी फियाट आहे, निळी. अर्पिताने नाव सांगितलं. ह्यांनी काम घेतलं. शटर पूर्ण वर.

आज पहाटे सवयीने अंगारा बोटाला घेऊन शेडात गेली आणि रिकामी जागा बघून तशीच उभी राहिली. हे पाठोपाठ आलेच. आता रोज उठतात, मी कुठं अंगारा घेऊन निघाली की मागे मागे. किती भक्ती लागली ह्या माणसाला, लोकांना सांगितलं तर खोटं वाटेल.

मी म्हटलं, "आता लावू कशाला? सीट तर गेली."

त्यांनी उजवा पंजा उघडून माझ्यापुढे धरला.

मी अंगारा ठेवला आणि नव्या फडक्याने पुसायला लागली, उजवीकडून गोल. फडकं मऊ आहे, पण अंगाऱ्यात कच फार. म्हटलं, "टोचत असेल ना?"

"घास तू," म्हणाले. "याच्यावर कितीबी घासलं तं जाळं दिसत नाई."